‘कृष्णा’ म्हणजे नदी की व्यक्ती? डिजिटल पुस्तकाला हे कसं कळतं?

ई-पुस्तकात ‘कृष्णा’ शोधलं तर नदी सापडते, द्रौपदी सापडते आणि ‘अरे कृष्णा’ ही हाकही. कॉम्प्युटरला फक्त अक्षरं दिसतात. अर्थ सांगण्याचं काम मार्कअप करतं.

म्हणजे नेमकं काय?
शब्दाच्या दोन्ही बाजूंना खुणा लावायच्या: <नदी>कृष्णा</नदी>. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘एक्सएमएल’मध्ये खुणांची नावं आपण ठरवू शकतो, अगदी देवनागरीतही.

प्रत्येकाने वेगळी नावं ठेवली तर?
गोंधळ होणार. म्हणूनच १९८७ मध्ये अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजमध्ये अभ्यासक जमले आणि ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ म्हणजे ‘टीईआय’ सुरू झालं. त्यातल्या हव्या तेवढ्याच खुणा घेता येतात, नव्या जोडताही येतात.

फायदा काय?
जुन्या पोथ्यांमध्ये एकच ओळ वेगवेगळी आढळते. ज्ञानेश्वरीच्या अशाच पाठभेदांमुळे संत एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली. टीईआयमध्ये सगळे पाठ एकाच फाईलमध्ये राहतात, कोणता पाठ कुठल्या पोथीतला या नोंदीसह. फाईल साधी टेक्स्ट असते. त्यामुळे एखादं अ‍ॅप बंद पडलं तरी पुस्तक वाचता येतं.

मात्र ही कृष्णा कोणती, हे ठरवायला आधी कुणीतरी पुस्तक नीट वाचावं लागतं.