माळव्याचा कोरडवाहू गहू आणि इंदूरचे खत

माळव्याच्या काळ्या जमिनीत पाटाच्या पाण्यावाचून गहू पिकविण्याची परंपरा फार जुनी आहे. पावसाळ्यात शेत पडीक ठेवावे, पाळ्या देऊन तण मारावे, पाणी जमिनीच्या पोटात मुरू द्यावे आणि पावसाळा सरल्यावर त्या ओलीवर गहू पेरावा, असा येथील शेतकऱ्याचा परिपाठ होता. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसे. पिकाला जन्मभर पुरवायचे पाणी पेरणीच्या दिवशीच जमिनीत साठलेले असे. या शिलकीवरच खताचे यशापयशही अवलंबून असते. हे सत्य शास्त्राने कसे ओळखले, त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण इंदूर येथे लिहिले गेले.

सर आल्बर्ट हॉवर्ड हे 1905 साली बिहारातील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी तेथे गव्हाचे सुधारलेले वाण निपजविले. परंतु नुसते बियाणे सुधारून भागत नाही, जमिनीची प्रकृतीही सुधारली पाहिजे, असे त्यांचे मत दृढ होत गेले. 1924 साली होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूरची संस्था उभी राहिली, तेव्हा या विचाराला प्रत्यक्ष शेत मिळाले.

खेड्यातील शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात होता. काडीकचरा तसाच जमिनीत गाडावा, तर तो कुजताना पिकाच्या वाट्याचा नत्र आणि मोलाची ओल दोन्ही खाऊन टाकी. म्हणून हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कुजण्याची क्रिया शेताबाहेर आणली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, त्यांवर पाणी शिंपडावयाचे आणि तीन वेळा उलथापालथ करावयाची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. दोघांचा या विषयावरील ग्रंथ 1931 साली प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव देशोदेशी गेले. हे खत अन्न देते, तसेच मातीची घडण सुधारून पाणी मुरण्यास व टिकण्यासही साहाय्य करते. कोरडवाहू शेतीत हा दुसरा गुण पहिल्याहून उणा नव्हे.

पुढे 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. आपले उंच वाण भरपूर खतपाण्याने लोळत असत. हे नवे वाण ताठ उभे राहिले. मात्र त्यांचा पराक्रम ओलिताखालचा होता. पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, त्यांना पाणी मिळावे लागे.

तेच भरपूर नत्र कोरडवाहू शेतात घातले, तर काय होते? आरंभी पीक हिरवेगार डोलते आणि शेतकरी हरखतो. पण वाढलेली पाने जमिनीतील ओल झपाट्याने उपसतात. दाणा भरण्याच्या वेळी शिल्लक सरते, दाणा चिमतो आणि खताचे कर्ज मात्र अंगावर राहते. खत निकामी नव्हते. त्याला पाण्याची जोड नव्हती.

1970 साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला. 1985 साली हैदराबादेस त्यासाठी केंद्रीय संस्थाही स्थापन झाली. अशा संशोधनातून बेताचा मार्ग स्पष्ट झाला. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची सर्वसाधारण शिफारस असेल, तर कोरडवाहूला सुमारे 40 किलोच द्यावे. तेही पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने ओलीच्या थरात पेरून द्यावे. कोरड्या पृष्ठभागावर फेकलेले खत मुळांना पोहोचत नाही.

माळव्यात आता पावसाळी सोयाबीन आले, विहिरी व नलिका-कूपही वाढले; पडीकाची जुनी चाल मागे पडली. तथापि जेथे गहू अजून जमिनीच्या ओलीवरच उभा आहे, तेथे खताचे पोते उसने आणण्यापूर्वी हातभर माती उकरून ओल किती खोल आहे ते पाहावे. जुन्या शेतकऱ्याची रीत आणि नवे शास्त्र यांचे याबाबतीत एकमत आहे.