घरी विचारायला आलेली माणसं

मागच्या वर्षी मे महिन्यात आमचं शिबिर रद्द करायची वेळ आली होती. पुण्यात पर्वतीच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथे आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी आठवी ते बारावीच्या मुलींबरोबर बसतो. अभ्यास, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कधी पथनाट्य, कधी नुसत्या गप्पा. मुलींना मुळशीला तीन दिवस न्यायचं ठरलं होतं. जागा मिळाली होती, जेवणाची सोय झाली होती. चौदा जणींपैकी फक्त एकीच्या घरून होकार आला.

आम्ही काय काय केलं नाही? छान पोस्टर बनवलं, संमतीपत्र तयार केलं, व्हॉट्सॲपवर दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. एका मुलीची आई नळावर भेटली. ती म्हणाली, "व्हिडिओ बघितला ताई. पण तुम्ही कोण, ते त्यात कुठंय?"

मला राग आला. खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. त्या संध्याकाळी मी माझ्या मावशीआजीकडे गेले. आजीची ही धाकटी बहीण आता नव्वदीच्या पुढे आहे. ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो होतो की ही एकोणिसाव्या वर्षी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाबरोबर महिनाभर गावोगाव नाचत-गात फिरली होती. घरातल्या लग्नात कुणीतरी हा विषय काढायचं, सगळे हसायचे, आणि विषय संपायचा. तिला कुणी नीट विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "मावशीआजी, तुला १९५३ साली घरच्यांनी पाठवलं कसं?"

तिने आधी माझ्याकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "अगं, मला कुठं पाठवलं? आमच्या वडलांना विचारायला माणसं आली होती."

ही माणसं कोण होती, हे शोधताना मला जे सापडलं ते इथे लिहिते आहे.

*

गोष्ट जिथे सुरू होते ती जागा आमच्या वस्तीतून दिसते. १९२९ साली पर्वतीच्या देवळात दलितांना प्रवेश नव्हता. त्या ऑक्टोबरात तिथे सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही त्यातली पुढची माणसं. त्यांच्या बरोबरीने पुण्यातली काही सवर्ण तरुण मुलंही उभी राहिली. त्यांत पंचविशीला टेकलेले एस. एम. जोशी होते आणि बावीस वर्षांचे ना. ग. गोरे होते. सत्याग्रहींवर दगड पडले. देऊळ तेव्हा उघडलं नाही.

आज आमच्या मुली सकाळी त्याच पायऱ्यांवर धावायला जातात. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुली ज्या घरांतून येतात, त्या घरांतल्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी तिथे आत जाता आलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "मग ज्यांना जाता येत होतं ते कशाला आले मार खायला?" प्रश्न बरोबर होता. याचं उत्तर एका भाषणात देता येत नाही. माझ्या मते, एसेम आणि त्यांच्या सोबत्यांनाही हे हळूहळूच कळत गेलं असावं.

कारण पुढची दहा-बारा वर्षं या मंडळींनी भाषणं, सभा, तुरुंग हे सगळं केलं. तरी १९४० च्या सुमाराला चित्र काय होतं? गल्लीतला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा संध्याकाळी मैदानावर जात होता, आणि तिथे त्याला धर्माच्या नावावर उभी राहिलेली संघटना भेटत होती. काँग्रेसचे पुढारी त्याला भेटत ते वर्षातून एकदा, व्यासपीठावर. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एसेम पहिले दलप्रमुख झाले, त्यामागे हे साधं निरीक्षण होतं. मुलाला रोज भेटायला हवं. रोज संध्याकाळी, त्याच मैदानावर. खेळ, लेझीम, गाणी आणि शेवटी थोडं बौद्धिक. सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची मुलं एकत्र, आणि मुलीसुद्धा.

बोलायला सोपं आहे. रोज संध्याकाळी मैदानावर कुणीतरी वेळेवर हजर असावं लागतं, पाऊस असो, परीक्षा असो. आम्हाला आठवड्यातून एक रविवार सांभाळताना नाकी नऊ येतात.

वर्षभरातच बेचाळीसचं आंदोलन पेटलं. एसेम भूमिगत झाले, दाढी वाढवून 'इमाम अली' या नावाने वावरू लागले. शाखांमधली कितीतरी मुलं पत्रकं वाटण्यापासून तुरुंगापर्यंत पोचली. वसंत बापट तेव्हा विशीत होते, तेही तुरुंगात गेले. पण मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा काळ बेचाळीसचा वाटत नाही. तो त्यानंतर चार वर्षांनी येतो.

*

१९४६ च्या शेवटी साने गुरुजींनी ठरवलं की पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण करायचं. सेनापती बापटांसारख्या ज्येष्ठांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, आधी महाराष्ट्राला विचारा, लोकांची मनं तयार करा, सहा महिने द्या. गुरुजी निघाले. गावोगाव सभा घेतल्या. सेवा दलाची मुलंमुली गाणी आणि पोवाडे घेऊन त्या दौऱ्यात सामील झाली. कित्येक गावांनी आपली देवळं आणि पाणवठे त्या काळात खुले केले.

१ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. मधेच गांधीजींनीही उपोषण सोडायला सांगितलं. त्यांच्यापर्यंत माहिती नीट पोचलेली नव्हती. ज्या माणसाला गुरुजी बापाच्या ठिकाणी मानत होते त्याचा शब्द मोडावा लागणार होता. गुरुजींनी तो मोडला, नम्रपणे. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली, बडवे तयार झाले, आणि १० मे रोजी उपोषण सुटलं.

आपण शाळेत दहा दिवसांचं उपोषण शिकतो. त्याआधीचे सहा महिने शिकत नाही. गावात आधी कोण गेलं, सभेला जागा कुणी मागितली, सतरंजी कुणाच्या घरून आली, विहिरीवर पहिल्यांदा एकत्र पाणी भरलं तेव्हा कडेला कोण उभं होतं. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण दहा दिवसांचं वजन पेललं ते त्या सहा महिन्यांनी.

*

आता कलापथक. माझ्या मावशीआजीचं जग.

स्वातंत्र्यानंतर हे पथक बहरलं. वसंत बापट गाणी आणि कार्यक्रम लिहीत. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' अशा कार्यक्रमांनी गावागावांत गर्दी खेचली. पुण्याच्या पथकात निळू फुले आणि राम नगरकर होते. निळूभाऊ तेव्हा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते दरमहा सेवा दलाला देत. पुढे 'एक गाव बारा भानगडी' पासून पडद्यावर त्यांनी असे खलनायक रंगवले की बायका त्यांना बघून पदर सावरायच्या. हाच माणूस आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर त्याने सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी' चे दौरे काढले. कार्यकर्त्यालाही पोट असतं, हे माळ्याच्या पगारातून १० रुपये काढणाऱ्याला वेगळं सांगावं लागलं नसेल.

आणि मुली? तमाशातल्या बाईशिवाय दुसरी बाई गावच्या मंचावर सहसा दिसत नव्हती, त्या काळात मध्यमवर्गीय घरांतल्या मुली ट्रकमधून गावोगाव जाऊन नाचत होत्या. सुधा वर्दे, प्रमिला दंडवते या त्यातल्या. मृणाल गोरे यांनी तर वैद्यकीय शिक्षण सोडून सेवा दलाचं काम घेतलं. पुढे गोरेगावच्या वस्त्यांत पाण्यासाठी लढून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. नंतरच्या पिढीत स्मिता पाटीलही याच गाण्या-नाचांतून पुढे आली. तिच्या आठवणीसाठी तिची मैत्रीण झेलम परांजपे यांनी 'स्मितालय' ही ओडिसी नृत्यसंस्था काढली. या झेलम म्हणजे सुधा वर्दे यांच्या कन्या.

मावशीआजी यातल्या कुणासारखी प्रसिद्ध झाली नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत नाचायची. मी विचारलं, कशी होती ती महिनाभराची फेरी? मला वाटलं, ध्येय, क्रांती असं काही सांगेल. तिने सांगितलं ते असं: पिठलं-भाकरी खाऊन सगळ्यांना पित्त झालं होतं. गॅसबत्तीवर किडे यायचे, नाचताना तोंडात जायचे. एका गावात जेवायला बसल्यावर पथकातल्या एका मुलाचं पान वेगळं, ओसरीवर मांडलं. कुणी काही बोललं नाही. पथकप्रमुख उठला, त्याच्यामागे सगळे उठले. रात्री चुरमुरे खाल्ले. सकाळी त्याच घरातली म्हातारी टोपलीभर भाकरी घेऊन आली आणि त्या मुलाच्या हातात टोपली दिली.

"तुम्ही घोषणा दिल्या का?" मी विचारलं.

"भूक लागली होती गं. घोषणा कसल्या?"

मग थोडं थांबून म्हणाली, "सगळं छानच होतं असं नाही हं. कार्यक्रम झाला की टाळ्या आम्हा मुलींना, आणि भांडीपण आम्हालाच. बौद्धिक घ्यायला मात्र नेहमी दादा लोक." हे सांगताना तिचा आवाज जरा चढला. सत्तर वर्षं झाली, तरी ती भांडी ती विसरलेली नाही. लग्न झाल्यावर तिला कुणी पुन्हा बोलवायला आलं नाही. तेही ती विसरलेली नाही.

*

सेवा दलाचा आलेख पुढे उतरत गेला. समाजवादी पक्ष फुटत राहिला, जुळत राहिला, पुन्हा फुटला. सेवा दल पक्षाचं नव्हतं, पण माणसं तीच होती. मैदानं कमी झाली. साठीच्या दशकात नव्या तरुणांना हे सगळं फार संथ आणि फार सभ्य वाटू लागलं. १९६७ च्या सुमाराला पुण्यात कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या मित्रांनी युवक क्रांती दल काढलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने सगळ्याच सुधारकांना विचारलं की आमच्या दुःखाबद्दल तुम्ही किती दिवस बोलणार. तो प्रश्नही खराच होता.

पण संस्था उतरली तरी माणसं शिल्लक होती. बाबा आढाव पुण्यात हमालांची पंचायत बांधत होते, आणि १९७२ च्या दुष्काळात त्यांनी 'एक गाव एक पाणवठा' ची हाक दिली. सत्तेचाळीस साली जे काम गाणी गात सुरू झालं होतं, ते पंचवीस वर्षांनी अजून पुरं झालं नव्हतं, हेच त्या हाकेतून दिसतं. चिपळूणकडून आलेले हमीद दलवाई सेवा दलातच घडले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. सात. आजच्या हिशेबाने हा आकडा अहवालात लिहायचीसुद्धा लाज वाटेल. पण तोंडी तलाकचा प्रश्न त्या सात जणींनी रस्त्यावर आणला.

मी आमच्या गटाचा अहवाल लिहिते तेव्हा त्यात एक रकाना असतो: किती युवकांपर्यंत पोचलात? मी दरवेळी आकडा जरा फुगवावा का, असा विचार करते. आता त्या सात जणी आठवतात.

*

शेवटी मी मावशीआजीला मूळ प्रश्नच पुन्हा विचारला. माणसं आली होती म्हणजे नेमकं काय झालं?

शाखेचे एक कार्यकर्ते आणि त्यांची बायको, असे दोघं आले होते. तीनदा आले. पहिल्यांदा वडलांनी चहा दिला आणि नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विषयच काढला नाही, नुसते बसले, मावशीआजीच्या धाकट्या भावाचं गणित बघितलं आणि गेले. तिसऱ्यांदा वडील बोलले नाहीत, आई बोलली. तिने त्या बाईंना एकच विचारलं: "तुम्ही स्वतः जाणार का बरोबर?" बाई म्हणाल्या, "माझीही मुलगी येणार आहे."

मी घरी आले आणि संमतीपत्राची फाइल बंद केली. आमच्याकडे दहा दिवस होते. आम्ही चौघींनी घरं वाटून घेतली आणि संध्याकाळी सात ते नऊ, पुरुष कामावरून आणि बायका धुण्याभांड्यावरून परत आल्यावर, जायला लागलो. काही घरांत चहा मिळाला. एका घरात वडलांनी दार अर्धंच उघडलं. एकीकडे मी तासभर तिच्या आजोबांच्या पेन्शनचा अर्ज मोबाइलवर भरत बसले. नळावर भेटलेली ती आई कोपऱ्यात कांदा चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपणार?"

मी म्हटलं, "मी."

"आणि मी आले तर चालेल?"

चौदापैकी सहा मुली आल्या. आठ आल्या नाहीत. त्या अर्ध्या उघडलेल्या दारातली मुलगीही नाही. आणि ती आई आली, तीन दिवस कामाची खाडे करून. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर मुली सवयीने भांडी उचलायला उठल्या. मी म्हटलं थांबा, आधी पाळी लावू. यादीत सगळ्यात वर मी आम्हा चौघींची नावं लिहिली.

परत आल्यावर फोटो दाखवायला मावशीआजीकडे गेले. तिने फोन डोळ्यांजवळ धरून एकेक फोटो बघितला. एका फोटोत मुली नाचत होत्या. शेवटून दुसऱ्या रांगेतल्या एकीवर तिने बोट ठेवलं.

"हिचं नाव काय?"

मी सांगितलं.

"लिहून ठेव," ती म्हणाली.