पूल कोणी उडवला?

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात जमीन उकरण्याचं कुणाला अप्रूप नाही. लोहखनिजासाठी इथले डोंगर आतून बाहेर काढले गेले आणि काढलेल्या मातीचे पुन्हा नवे डोंगर झाले. अशा मुलखात जमिनीखाली काही जुनं जागच्या जागी असेल ही आशा धरणं कठीण. म्हणून लढाईच्या खुणा शोधायच्या तर मी आधी म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी जाऊन बसतो.

माझ्या आजीची एक गोष्ट ठरलेली होती. "पाखल्यांचो साकंव विमानान उडयलो," असं ती सांगायची, म्हणजे पोर्तुगीजांचा पूल विमानाने उडवला. डिसेंबर १९६१, गोवामुक्तीची लढाई. अंधार पुरता फिटला नव्हता, चुलीवर पाणी ठेवलेलं होतं, आणि एवढा मोठा आवाज झाला की मांडणीवरची भांडी खाली आली. गाईने दावं तोडलं. मग विमानं आली. ही गोष्ट तिने कितीदा सांगितली असेल. गाय, भांडी, पूल आणि विमान यांतलं काहीही तिने कधी गाळलं नाही.

नोंदी मात्र वेगळं सांगतात. १८ डिसेंबरला ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात शिरली. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने त्या पहाटे डिचोली, अस्नोडा आणि शापोरा इथले पूल स्वतःच सुरुंग लावून उडवले. भारतीय हवाई दलाचे बाँब पडले ते दाबोळीच्या धावपट्टीवर. पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी तिथे ६३,००० पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टनांच्या आसपास बाँब टाकले. सांब्र्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटांनी निकामी केलं. पूल हे हवाई दलाचं लक्ष्य नव्हतं.

म्हणजे आजीने दोन खरे आवाज ऐकले होते. पहाटेचा सुरुंग आणि नंतरची विमानं. मधला वेळ तिच्या आठवणीतून झडून गेला आणि दोन्ही आवाज एकमेकांना चिकटले. पुराव्याच्या दृष्टीने मला ही गोष्ट टाकाऊ वाटत नाही. उलट फार मोलाची वाटते. सुरुंग चुलीवर पाणी असताना उडाला, हे कुठल्याही लष्करी टिपणात सापडणार नाही. गोष्ट चाळून घ्यायची असते, तांदूळ चाळतात तशी, आणि कण्या फेकायच्या नसतात.

पेडण्याला माझं आजोळ. तिथले आईचे काका सांगत, "विमान उलयतालें." विमान बोलत होतं! ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल, पण ती अक्षरशः खरी आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे १९५५पासून सीमेपलीकडच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी हे दोघे हवाई दलाच्या विमानात बसले, आणि विमानाला लावलेल्या ध्वनिवर्धकावरून गोवा मुक्त झाल्याची घोषणा त्यांनी आभाळातून केली. पत्रकंही टाकली. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा शेवट लोकांना वरून, आपल्या भाषेत ऐकू आला. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला आधी हे काका आठवले.

दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी आमच्या भागात त्या मानाने पातळ. पोर्तुगाल तटस्थ होतं. मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन जहाज अडकून पडलं होतं. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांच्या हौशी घोडदळातल्या माणसांनी एरेनफेल्सवर छापा घातला आणि खलाशांनी आपली जहाजं आपणच बुडवली. ती आग मुरगावकरांनी पाहिली, पेडणेकरांनी ऐकली. एवढंच.

पण त्याच महायुद्धाची पडलेली विमानं शोधण्याचं काम देशाच्या दुसऱ्या टोकाला, अरुणाचलात चालतं आणि तिथली पद्धत आमच्यासाठी शिकण्यासारखी आहे. आसामातून हिमालयाची पूर्वेकडची टोकं ओलांडून चीनच्या कुनमिंगला इंधन आणि दारूगोळा नेणाऱ्या मार्गाला वैमानिक 'द हम्प' म्हणत. १९४२ ते १९४५ दरम्यान त्या वाटेवर सुमारे ६०० विमानं पडली किंवा बेपत्ता झाली. त्यांतलं 'हॉट ॲज हेल' हे बी-२४ जातीचं बाँबफेकी विमान २५ जानेवारी १९४४ला आठ माणसांसह नाहीसं झालं. क्लेटन कुल्स नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाला ते २००६ साली सापडलं. ज्या डोंगरात पोचायला दिवसचे दिवस चालावं लागतं तिथे उपग्रह कामाला आले नाहीत, गावकरी आले. शिकारीला जाणाऱ्यांना कुठल्या उतारावर पत्रा चमकतो हे ठाऊक होतं.

पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं. जमिनीवर दोऱ्यांचे चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनातली माती वेगळी काढायची, जाळीतून चाळायची. दात, बोटाचं हाड, गणवेशाचं बटण, इंजिनावरची क्रमांकाची पट्टी, जे मिळेल ते कुठल्या चौकोनात मिळालं याच्या नोंदीसकट ठेवायचं. क्रमांक जुळला की विमान कळतं. विमान कळलं की त्या दिवशी त्यात कोण बसलं होतं ते कळतं. अवशेष २०१६ साली दिल्लीहून सन्मानाने अमेरिकेला गेले आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. घरच्यांनी त्यांना जॉर्जियातल्या आपल्या गावी माती दिली. ७३ वर्षं वाट पाहिलेल्या कुटुंबाला उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराची पहिली कडी एका अरुणाचली गावातल्या बोलण्यात होती.

आमच्या जांभ्या मातीत असं काही पडलेलं असेल तर ते टिकणं आणखी अवघड. कोकणातला पाऊस, आम्लधर्मी जमीन, समुद्राचं खारं वारं. विमानाचं ॲल्युमिनियम पोलादी बोल्टांना जिथे टेकतं तिथे आधी गंजतं. मॅग्नेशियमचे भाग त्याहून लवकर भुसभुशीत होतात. तुकडा हाती आला की घासून चकचकीत करण्याचा मोह होतो, आणि घासताना रंगाचा जो पापुद्रा जातो त्यातच तुकडी, देश, क्रमांक हे सगळं असतं. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असायचा, तो अजूनही किरणं सोडतो. दारूगोळ्याचं तर बोलायलाच नको. त्याला हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं.

आणि कायदा? पुरावस्तूंच्या १९७२च्या कायद्यानुसार साधारणपणे शंभर वर्षांची वस्तूच पुरावस्तू ठरते. ब्रिटनने पडलेल्या लष्करी विमानांसाठी १९८६ सालीच वेगळा कायदा केला. आपल्याकडे महायुद्धातला तुकडा २०४०च्या दशकात शंभरी भरेपर्यंत आणि गोवामुक्तीची खूण २०६१ उजाडेपर्यंत भंगारवाल्याच्या तराजूवरून वाचायला हवी. तोपर्यंत आजीच्या पिढीतलं कोणी उरणार नाही. ही कालगणना मला अस्वस्थ करते.

जे जपलं गेलं ते पाहायला मी बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जातो. १९९८ साली ते उघडलं. तिथे फायरफ्लाय आहे, महायुद्धात ब्रिटिश नौदल वापरत असे त्या जातीचं. आवारात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, तीन शेपट्यांचं, आधी एअर इंडियाचं, शेवटी नौदलाचं. १८ डिसेंबरच्या रात्री दाबोळीच्या फुटलेल्या धावपट्टीची घाईने डागडुजी करून पोर्तुगीजांची जी दोन विमानं अंधारात कराचीकडे निसटली, त्यांतलं एक कॉन्स्टेलेशन घराण्यातलंच होतं. ही गोष्ट तिथे आलेल्या शाळकरी मुलांना मी आपण होऊन सांगतो. मुलं ऐकतात. लगेच विचारतात, मग ते पकडलं का नाही? हा प्रश्न फार चांगला आहे.

आता पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आहे, ११ डिसेंबर २०२२ला त्याचं उद्घाटन झालं. पेडण्याच्या आभाळात विमान ही रोजची गोष्ट झाली आणि १९६१चा आवाज आठवणाऱ्यांना तो वेगळा काढून सांगणं जड जाऊ लागलं. म्हणून मी आता गोष्ट ऐकताना बारीक प्रश्न विचारतो. आवाज आला तेव्हा तुम्ही घरात कुठे होतात? दार कुठल्या दिशेला? ऊन कुठवर आलं होतं? आधी काय ऐकलं, मागाहून काय? त्या महिन्यात घरात कोण जन्मलं? पत्रक पडलं असेल तर ते कुणी उचललं, कुठल्या पेटीत ठेवलं? कागद मिळाला तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, चिकटपट्टी लावू नका, आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, एवढं सांगतो. आवाज मुद्रित करतो, गावाचं नाव आणि तारीख घालतो.

हे काम एकट्याचं नाही. पेडणे आणि डिचोलीतल्या वाचनालयांनी एकेक नोंदवही ठेवावी, शाळांनी नववीच्या मुलांना आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवावं, आणि गोळा होईल ते पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे सोपवावं. सुरुवात तीन पुलांपासून करावी: डिचोली, अस्नोडा, शापोरा. जुने पूल नेमके कुठे होते ते बोट ठेवून दाखवणारी माणसं अजून या गावांत आहेत.