नळदुर्गाहून तगराकडे

श्रोतेहो, नळदुर्ग म्हटलें कीं बोरी नदीवरील बंधारा, त्यावरून कोसळणारें पाणी आणि बंधाऱ्याच्या पोटांतील पाणीमहाल डोळ्यांपुढें उभा राहतो. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, हें काम झालें. तो बळकट तट पाहून या प्रांताचा इतिहास येथूनच सुरू होतो, असा समज सहज होतो. मीहि वर्गांत पुष्कळ वर्षें तसेंच शिकविलें. ती चूक मला उमगली तेरला गेल्यावर.

धाराशिव जिल्ह्यांतच, तेरणा नदीच्या कांठीं, तेर हें गांव आहे. आपण त्यास संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून हात जोडतों. परंतु गोरोबाकाकांच्याहि पूर्वीं सुमारें बाराशें वर्षें हें नगर ‘तगर’ या नांवानें परदेशीं ठाऊक होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचें सांगितलें आहे. येथील जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. पुढें शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट या पंडितानें १९०१ मध्यें प्रतिपादिलें.

जेथें सार्थवाहांचे तांडे थांबत, तेथें भिक्षूंचे संघहि वसत. व्यापाऱ्यांनीं दान द्यावें आणि भिक्षूंनीं धर्म सांगावा, हा त्या काळचा परिपाठ होता. तेरच्या पांढरींत उत्खनन झालें तेव्हां सातवाहनकालीन विटांचा स्तूप उजेडांत आला आणि नगराच्या लाकडी तटबंदीचेहि अवशेष सांपडले. नळदुर्गाचा दगडी तट रचला जाण्याच्या हजार वर्षें आधीं या मुलखांत तट होता, आणि त्याच नगरांत बुद्धाची उपासना चालत होती!

आज मात्र तो स्तूप पाहण्यास जाणारास मातीच्या उंचवट्यावांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. मग त्या काळचें उभें असें कांहींच उरलें नाहीं काय? उरलें आहे. गांवांतील त्रिविक्रमाच्या देवळास मागील बाजूनें प्रदक्षिणा घाला. भिंत चौकोनी नसून अर्धवर्तुळाकार वळते, आणि वरचें छप्पर कार्ल्याच्या चैत्यगृहासारखें गजपृष्ठाकार आहे. हें मुळांत विटांचें बौद्ध चैत्यगृह, असें पुराणवस्तुसंशोधक हेन्री कझिन्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ओळखलें. विटांनीं बांधलेलीं अशीं चैत्यगृहें हिंदुस्थानांत फारच थोडीं उभीं आहेत.

हें एकच कां वांचलें, याचा विचार मी तेथें पायरीवर बसून केला. उत्तर साधें आहे. तेथें दिवा लागत राहिला. देव बदलला, पण दारीं झाडलोट होत राहिली, पडलेली वीट कोणीतरी पुन्हां बसवीत राहिलें. ज्या वास्तूकडे गांवाची पाठ फिरली, ती मातीस मिळाली.

म्हणून, श्रोतेहो, नळदुर्गाचा धबधबा पाहावयास मुलांना अवश्य न्या. पण परततांना एक दिवस तेरसाठीं राखून ठेवा. तेथील संग्रहालयांत उत्खननांत निघालेल्या मृण्मूर्ति व मणी मांडले आहेत, तेहि त्यांना दाखवा. मीं माझ्या विद्यार्थ्यांना तेथें कधीं नेलें नाहीं; तें ऋण या भाषणानें थोडें तरी फिटो.