वेडी बाभूळ आणि एक सरकारी पत्र

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या आवारातील १८०३ चा मराठी शिलालेख पाहिल्यावाचून परतत नाही. मीही तो पाहिला. पुढे नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ सरफोजीराजांनी समुद्रकाठी उभारलेला मनोरा पाहण्यास निघालो, तेव्हा वाटेतील पडीक जमिनींवर दाटलेल्या काटेरी झुडपांनी लक्ष वेधले. चालक म्हणाला, "सीमै करुवेलम, सार." सीमै म्हणजे परदेशी. आपल्याकडची ही वेडी बाभूळ.

ती सरफोजींच्या काळातली नव्हे. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, १८७६ मध्ये, मद्रास इलाख्याचे एक वनसंरक्षक कर्नल बेडोम यांनी महसूल खात्याच्या सचिवांना पत्र लिहून कोरड्या जमिनींसाठी या झाडाचे बी मागविण्याची विनंती केली. जमैकाहून बी आले आणि १८७७ मध्ये कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे लागवड झाली. बेडोम हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते; हेतूही रास्त होता. इंधनाची टंचाई होती आणि पाण्याविना वाढणारे झाड हवे होते. असे झाड मिळाले. ते थांबेल कोठे, हा प्रश्न त्या फायलीत कोणाला पडला असेल असे वाटत नाही.

थांबले नाही, याचा पुरावा कोडियक्करै येथे आहे. हा भाग १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होता. आता तो नागपट्टिनममध्ये मोडतो. १९६७ मध्ये तेथे काळविटांसाठी अभयारण्य झाले. काळविटाला मोकळे गवत लागते, आणि त्याच गवतात ही बाभूळ शिरली. शेंगा गोड असल्याने गुरे व काळविटे त्या खातात, बी न पचता शेणा-लेंड्यांतून बाहेर पडते आणि नव्या जागी रुजते. म्हणजे जे जनावर गवतावर जगते तेच स्वतःच्या कुरणात काटे पेरत हिंडते.

मग कापावी, हा सरकारी मनाला सुचणारा पहिला उपाय. गाजरगवतासारखे वर्षायू तण फुलण्यापूर्वी काढले तर निदान त्या वर्षीचे बी तरी पडत नाही. वेड्या बाभळीचे तसे नाही. खोड जमिनीच्या वर तोडले की बुंध्याशी सुप्त असलेल्या कळ्या जाग्या होतात आणि एका खोडाच्या जागी अनेक फांद्यांचे झुडूप उभे राहते. मुळाचा गड्डा उपटावा लागतो आणि पुढे काही वर्षे नवी रोपे उपटत राहावे लागते. कच्छच्या बन्नी कुरणात २००४ मध्ये तोडबंदी उठली, ती मुळासकट काढण्याच्या अटीवर. कोळसा पाडणाऱ्यांनी तोडले, उपटले मात्र नाही. २००८ मध्ये बंदी परत आली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात नवल वाटत नाही. तोडलेल्या लाकडाला भाव आहे, उपटलेल्या मुळाला मजुरीच द्यावी लागते. शिवाय आमच्या हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. मी नोकरीत पाहिलेल्या एका कामात फेब्रुवारीत झुडपे तोडली, मार्चमध्ये देयके चुकती झाली आणि पावसाळ्यानंतर कुरण पूर्वीपेक्षा दाट दिसले. कागदोपत्री काम पूर्ण होते. फेरतपासणीसाठी तरतूदच नव्हती.

२०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने दक्षिणेच्या जिल्ह्यांतून ही झाडे काढण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी तज्ज्ञांचे मत येईपर्यंत तोडीला स्थगितीही मिळाली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता: रामनाथपुरमसारख्या कोरड्या भागात अनेक गरीब घरांची चूल आणि मिळकत याच कोळशावर चालते. जुलै २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने परक्या आक्रमक वनस्पतींविषयी धोरण जाहीर केले. झाडे काढण्याबरोबर तेथील मूळ अधिवास पूर्ववत करणे हाही त्याचा भाग आहे.

परतीच्या वाटेवर एका पुरंबोक जमिनीत, म्हणजे आपल्या गायरानात, दोन बाया तोडलेल्या फांद्यांचे भारे बांधत होत्या. शेजारच्या बुंध्यांना बोटभर कोवळे फुटवे आले होते.