ढेकणाची शिबंदी

लखनौच्या चारबाग स्थानकापासून थोडे पुढे गेले, की आलमबागेची वस्ती लागते. नवाब वाजिद अली शाहाने आपल्या बेगमेसाठी येथे तटबंदीची एक बाग उभारली होती. १८५७ च्या सप्टेंबरात हॅवलॉकच्या सैन्याने ती घेतली आणि रेसिडेन्सीकडे कूच करण्यापूर्वी आपले आजारी व जखमी शिपाई तेथेच पहाऱ्यात ठेवले. दोन महिन्यांनी खुद्द हॅवलॉकलाही याच बागेत मूठमाती मिळाली. त्याचा अंत तोफगोळ्याने झाला नाही, तर आमांशाने झाला. जखम आणि जंतू यांच्यापुढे त्या काळची सैन्ये किती दुबळी होती, याची साक्ष म्हणून ही कबर आजही तेथे आहे.

त्याच छावण्यांतील खाटांच्या फटींत वसणाऱ्या एका क्षुद्र प्राण्याने मात्र जखमेचा प्रश्न केव्हाच सोडविला होता. तो प्राणी म्हणजे ढेकूण!

शास्त्राच्या दरबारात ढेकूण प्रथम आला तो बहुधा आरोपी म्हणूनच. १९०३ साली लेशमन आणि डोनोव्हन यांनी काळाआजाराच्या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. हा परजीवी ढेकणाच्या आतड्यात वाढू शकतो, असे १९०७ साली मद्रासेत पॅटनला आढळले आणि संशयाचे बोट ढेकणाकडे वळले. हा रोग गावेच्या गावे ओस पाडीत होता. त्यामुळे चुकीच्या संशयाची किंमत फार मोठी होती. अखेर १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी खरा वाहक वाळूमाशी असल्याचे सिद्ध केले आणि ढेकूण त्या आरोपातून सुटला.

परंतु या चौकशीच्या काळात त्याच्या शरीराचीही बारकाईने तपासणी झाली. इटलीत रिबागाने १८९७ मध्ये मादीच्या पोटातील एका चमत्कारिक अवयवाकडे लक्ष वेधले होते. पॅटनबरोबर १९१३ साली वैद्यकीय कीटकशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या क्रॅगने भारतात हा अभ्यास पुढे नेला. पुढे १९२४ साली, टायफसच्या संशोधनात असताना, त्याच रोगाने त्याचा बळी घेतला.

या अवयवाचे प्रयोजन काय असावे? ढेकणाचा नर मीलनसमयी सुईसारख्या अवयवाने मादीच्या उदराचे कवचच भेदतो. प्रत्येक मीलन म्हणजे एक जखम, आणि प्रत्येक जखम म्हणजे जंतूंना उघडलेले दार. कीटकांच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. जंतू गिळून टाकणाऱ्या रक्तपेशी आणि जंतुनाशक द्रव्ये हेच त्यांचे सैन्य. ढेकणाच्या मादीने हे सैन्य अंगभर विखुरलेले तर ठेवलेच. पण जेथे घाव ठरलेला, त्या उजव्या बाजूस कवचाखाली रक्तपेशींची एक स्वतंत्र छावणीच वसविली. २००३ साली राइनहार्ट, नेलर आणि सिव्हा-जोथी यांनी जंतूंनी माखलेल्या सुईने ढेकणांच्या माद्यांना टोचून पाहिले. घाव अन्यत्र पडला, तर हानी मोठी. या अवयवातून पडला, तर ती बरीच टळली. जंतू बाहेरून येतात हे जाणून की काय, नराच्या वीर्यातही जंतू विरघळविणारे द्रव्य असते, असे २००९ साली दिसून आले.

त्याहून नवलाची गोष्ट २०१९ मध्ये उघड झाली. नर बहुधा नुकतेच रक्त प्यालेल्या मादीलाच गाठतो. म्हणून भोजन हीच घावाची पूर्वसूचना. ज्या माद्यांना ठराविक अंतराने रक्त मिळे, त्यांच्या शरीरात भोजनाची वेळ जवळ येताच जंतुनाशक द्रव्याची शक्ती वाढू लागे. म्हणजे शत्रू दिसण्यापूर्वीच शिबंदी सज्ज! मात्र भोजनाची वेळ अनिश्चित ठेवली, की ही पूर्वतयारी त्यांना साधत नसे.

पाहता पाहता आरोपीच आपला शिक्षक झाला. ज्या प्राण्याला आपण खाटा उन्हात आपटून हाकलतो, त्याच्या पोटातील पसाभरही नव्हे, तिळाएवढ्याही नव्हे, अशा जागेत एक शहाणपण साठविलेले आहे: घाव चुकविता येत नसेल, तर तो कोठे आणि केव्हा पडणार हे ओळखून पहारा ठेवावा. आलमबागेतील त्या कबरीपाशी उभे राहिले, म्हणजे या शहाणपणाचे मोल विशेष जाणवते.