बॉस्टॉक यांचे डोळे आणि जून महिना

जॉन बॉस्टॉक हे लंडनचे डॉक्टर. 1819 च्या मार्चमध्ये त्यांनी तिथल्या वैद्यकीय मंडळापुढे एका रोग्याची हकिकत वाचली. रोग्याचे नाव ‘जे. बी.’, वय 46. म्हणजे ते स्वतःच! आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये त्यांचे डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे, खाजायचे; मग शिंका आणि धाप. उपाय ऐकाल तर अंगावर काटा येईल. रक्त काढले, जुलाब घेतले, कातडीवर फोड आणले, अफू आणि पाराही झाला. गुण काही नाही.

लोक म्हणत, हा वाळल्या गवताचा ताप. ‘हे फीवर’ हे नाव त्यातलेच. बॉस्टॉकना ते पटले नाही. त्यांनी दोष दिला उन्हाळ्याच्या उष्म्याला. रॅम्सगेटला समुद्रकाठी राहिले, बरे वाटले, तेव्हा गार हवेनेच गुण आला असे धरले. आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात ना, किड्याने लाकूड पोखरावे आणि चुकून अक्षर उमटावे, तसे हे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात गवताचे पराग फारसे नसतात, इतकेच.

तुम्ही म्हणाल, गुण आला ना, मग कारण चुकले तर काय बिघडले? बिघडते! ज्याला समुद्रकाठ परवडत नाही तो घर गार ठेवायला खिडक्या उघडणार, आणि पराग आत घेणार.

हा गुंता मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी सोडवला. त्यांनाही हाच विकार. पतंगाला चिकट काचा बांधून त्यांनी हवेतले पराग मोजले, पराग स्वतःच्या डोळ्यालाही लावून पाहिले. 1873 मध्ये त्यांचे पुस्तक आले. पुढे 1911 मध्ये सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी तर डोळ्याचीच मोजपट्टी केली : परागांच्या किती सौम्य अर्काने डोळा लाल होतो ते पाहायचे, आणि त्या अंदाजाने कातडीखाली वाढत्या मात्रेची इंजेक्शने द्यायची. दोनच वर्षांत ते क्षयाने गेले. काम फ्रीमन यांनी चालवले. आजची इम्युनोथेरपी त्याच वाटेवरची.

बाकी आजचे सोपे आहे. डोळे चोळू नका, गार पट्टी ठेवा, डॉक्टरांनी दिलेले अँटिहिस्टामिनचे थेंब घाला. पण स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली चटकन जाते, म्हणून लोक जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो बहुधा दुखत नाही, म्हणून लवकर कळतही नाही.